गोळ्या चालू आहेत, आता पुढचं आयुष्य कसं उभं करायचं?

निशिगंध

नमस्कार मंडळी, बरेच दिवस हा धागा काढायचं मनात होतं. मला बायपोलर आहे, टाईप वन, म्हणजे मूड कधी बेफाम वर (त्याला मॅनिया म्हणतात) तर कधी अगदी खाली जाण्याचा आजार. निदान होऊन बरीच वर्षं झाली. मधे हॉस्पिटलात राहून आले, पुण्यातली आयटीतली नोकरी गेली, लग्न टिकलं नाही आणि नाशिकला आईबाबांकडे परत आले. आता एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, स्वतःच्या भाड्याच्या घरात राहते, गोळ्या चालू आहेत आणि चालूच राहणार आहेत.

आजाराची लक्षणं काय, उपचार काय यावर हल्ली मराठीत बरंच वाचायला मिळतं. पण डिस्चार्ज कार्ड घेऊन घरी आलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमकं करायचं काय हे कोणी सांगत नाही, घरचे म्हणतात आधी पूर्ण बरी हो मग बघू, आणि त्या "मग बघू"मधे वर्षं निघून जातात. माझं म्हणणं असं की हा आजार परत येऊ शकतो हे गृहीत धरूनच नोकरी, पैसे, नाती, झोप सगळ्याची मांडणी करायची. डायबेटिसवाली माणसं शुगर कायमची जाण्याची वाट बघत घरी बसून राहतात का? नाही ना.

माझ्यासाठी सुरुवात झाली ती वेळा पाळण्यापासून. अमेरिकेत पिट्सबर्गला एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायपोलरसाठी एक थेरपी तयार केली, इंटरपर्सनल अँड सोशल ऱ्हिदम थेरपी असं मोठं नाव आहे तिचं, पण त्यातला रोजचा भाग अगदी साधा आहे. पाच वेळा लिहून ठेवायच्या. अंथरुणातून कधी उठलात, दिवसात पहिल्यांदा कोणाशी कधी बोललात, काम कधी सुरू केलंत, रात्री कधी जेवलात आणि झोपायला कधी गेलात. बायपोलरमधे शरीराचं घड्याळ पटकन बिघडतं, आणि झोप कमी होणं हे नुसतं मॅनियाचं लक्षण नाही, कमी झोपेने मॅनिया सुरूही होतो, म्हणून या पाच वेळा शक्यतो हलू द्यायच्या नाहीत. मी त्या कालनिर्णयच्या चौकोनात लिहिते, जिथे आई दुधाचे खाडे लिहायची तिथेच. उठायची वेळ रविवारीही तीच. लग्नाला जाते पण रात्रीच्या वरातीला थांबत नाही, गणपतीत आरती झाली की घरी. सुरुवातीला नातेवाईक बोलले, आता सवय झालीये त्यांना.

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी यातून जात असेल तर प्लीज लिहा, काय जमलं, काय अडलं. पैशाचं, नोकरीचं, लग्नाचं, सगळं चालेल.

इंद्रायणीकाठ

वाचतेय. खूप गरजेचा धागा. सावकाश लिहीन.

सातपुडा

ताई धन्यवाद. मी रुग्ण नाही, माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे, आम्ही जळगाव जिल्ह्यातले. तो गोळ्या जिभेखाली ठेवून नंतर थुंकायचा, त्यावरून रोज घरात भांडण व्हायचं, आई रडायची, वडील आवाज चढवायचे. डॉक्टरांनी मग महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं आणि त्या इंजेक्शनने त्याला ऐकू येणारे आवाज कमी झाले हे तर आहेच, पण घरातलं रोजचं भांडण संपलं हा फायदा मला जास्त मोठा वाटतो, कारण गोळी घेतली का गोळी घेतली का हा विषयच उरला नाही.

आम्हाला एका समुपदेशक मॅडमनी एक गोष्ट सांगितली होती ती इथे लिहितो. इंग्लंडमधे जॉर्ज ब्राऊन वगैरे संशोधकांनी ५०-६० च्या दशकात बघितलं की हॉस्पिटलमधून बरे होऊन गेलेले काही पेशंट घरी गेल्यावर लवकर का आजारी पडतात. तर ज्या घरात सतत टोचून बोलणं, राग राग करणं किंवा उलट अति काळजी, क्षणभर एकटं न सोडणं असं चालतं तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. आणि त्या अभ्यासांत आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त वेळ समोरासमोर एकत्र घालवणाऱ्यांना धोका अजून जास्त. मॅडम म्हणाल्या यात आईबाप गुन्हेगार नाहीत, आजार घरच्यांमुळे होत नाही, पण घरातलं वातावरण हे औषधाइतकंच मनावर घ्या. मग आम्ही ठरवलं की भाऊ दिवसाचे काही तास घराबाहेर पाहिजे. तो आता काकांच्या कृषी केंद्रात दुपारपर्यंत बसतो, गोण्या मोजून घेणं, बिलाच्या फाईली लावणं. पगार थोडाच आहे. पण आई दुपारची झोपू लागलीये.

वाटसरू

सगळ्यांबद्दल आदर ठेवून वेगळं मत मांडतो. आयुष्यभर गोळ्या हे मला पटत नाही. किडनी, लिव्हर सगळ्यावर परिणाम होतो. माझ्या परिचयातल्या एकाने इगतपुरीला विपश्यना केली आणि सगळ्या गोळ्या सोडल्या, मस्त आहे. मनाचा आजार आहे तर मनावरच काम करायला हवं ना? आपल्याकडे एवढी मोठी परंपरा असताना डॉक्टरांवरच का अवलंबून राहायचं?

निशिगंध

वाटसरू, तुम्ही चांगल्या हेतूने लिहिलंय हे कळतंय, पण हे वाचून कोणी उद्या गोळ्या बंद करू नयेत म्हणून स्पष्ट लिहिते. विपश्यनेच्या केंद्रांच्या स्वतःच्या नियमावलीतच लिहिलेलं आहे की गंभीर मानसिक आजार असलेल्यांना हे शिबिर करायचा सल्ला ते देत नाहीत आणि ही साधना वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही. म्हणजे ती मंडळी स्वतः जे सांगतात ते तरी ऐकूया. मी रोज प्राणायाम करते, चालते, त्याने मला बरं वाटतं. पण लिथियम, म्हणजे बायपोलरवरची गोळी, अचानक सोडली तर मॅनिया उसळून येण्याचा धोका खूप वाढतो हे नीट अभ्यासलेलं आहे. बंद करायचंच असेल तर डॉक्टरांबरोबर बसून, हळूहळू, आठवडे-महिने घेऊन.

किडनीची भीती खोटी नाही, म्हणून तर तपासण्या असतात. त्यावर इथे कोणी माहितगार असेल तर लिहा.

लॅबवाली

मी पॅथॉलॉजी लॅबमधे आहे म्हणून लिहिते. लिथियमची लेव्हल करायला येणारे निम्मे लोक सकाळची गोळी घेऊन येतात आणि मग रिपोर्ट चुकीचा जास्त दिसतो. रात्रीच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी रक्त द्यायचं, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. बऱ्याच जणांची लेव्हल डॉक्टर ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात, वय जास्त असेल तर अजून कमी. त्यासोबत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉईड, साधारण सहा महिन्यांनी.

आणि हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लिथियम चालू असताना अंगदुखीवर मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक असलं काही घेऊ नका, त्याने लिथियमची लेव्हल चढते. जुलाब, उलट्या, उन्हात खूप घाम, निर्जळी उपास यातही चढते. आषाढी वारीला पायी जाणारे असतील त्यांनी तर आधी डॉक्टरांशी बोलूनच निघावं. बीपी आहे म्हणून मनानेच मीठ एकदम बंद करू नका, त्यानेही वाढते. हात जोरात थरथरणं, चालताना झोक जाणं, बोबडं बोलणं, उलट्या असं झालं तर पुढचा डोस न घेता थेट हॉस्पिटल, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

वाटसरू

ताई, तपासण्यांचं हे माहीत नव्हतं. परिचितालाही डॉक्टरांना एकदा भेटायला सांगतो.

मांडवीकाठ

पणजीहून. मला स्किझोफ्रेनिया आहे, क्लोझापीन नावाच्या औषधावर आहे. ज्यांना हे नवीन सुरू झालंय त्यांना सांगतो, पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त द्यावं लागतं, नंतर महिन्याला. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून. कंटाळा येतो पण हे टाळू नका, आणि घसा दुखून ताप आला तर लगेच दाखवायचं. बद्धकोष्ठ खूप होतं, लाजू नका डॉक्टरांना सांगायला, दुर्लक्ष केलं तर ते जीवावर बेतू शकतं. अजून एक, सिगरेट ओढत असाल आणि सोडणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगा, कारण धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर जातं, सिगरेट एकदम सोडली की तोच डोस जास्त पडतो.

बाकी माझं म्हणाल तर सकाळी मला जड असतं, दहापर्यंत डोकं उघडत नाही. आधी मी समजायचो मी आता कामाचा राहिलो नाही. मग एका प्रिंटिंग प्रेसवाल्याने विचारलं की अकरा ते चार येशील का. बस, तेवढ्या एका बदलाने सगळं जमलं. त्याला माझा आजार माहीत आहे. आवाज अजूनही येतात थोडे, मशीन चालू असली की मागे पडतात. लोकांना वाटतं आवाज पूर्ण गेल्याशिवाय काम करता येत नाही, तसं नाहीये.

निशिगंध

मांडवीकाठ, किती मोलाचं लिहिलंत. लक्षणं पूर्ण जायची वाट न बघता आधी काम आणि मग त्या कामात लागेल तो आधार द्यायचा, या पद्धतीवर अमेरिकेत ड्रेक आणि बेकर या दोघांनी बराच अभ्यास केलाय. जुनी पद्धत अशी की आधी वर्कशॉपमधे मेणबत्त्या, कागदी पिशव्या करायला बसवायचं आणि तयार झालात की नोकरी. त्यापेक्षा थेट खऱ्या नोकरीत आधार दिला तर जास्त माणसं कामाला लागतात आणि टिकतात असं अनेक देशांत दिसलंय. आपल्याकडे असा आधार देणारी माणसं फारच कमी, म्हणून ते काम काका, प्रेसवाले, सीए अशी ओळखीची माणसंच करतायत.

चाकरमानी

प्रायव्हेटमधे सांगावं की नाही? मला बायपोलर टाईप टू आहे, म्हणजे मॅनिया सौम्य असतो तो. कंपनी रोटेशनल शिफ्ट देतेय. नाही म्हणायला कारण विचारतात.

बँकवाले_काका

चाकरमानी, मी सरकारी बँकेत आहे, माझ्या अनुभवातून सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजार आहे. तोच कायदा सरकारी आस्थापनेला सांगतो की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर माणसाला काढायचं नाही, तेच काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरी जागा द्यायची. प्रायव्हेटला हे इतकं घट्ट लागू नाही हे खरं. म्हणून तिथे आजाराचं नाव न घेता डॉक्टरांकडून एवढंच लिहून घ्या की वैद्यकीय कारणाने रात्रपाळी देऊ नये. माझ्या भाचीचं तेवढ्यावर भागलं. मॅनेजर समजूतदार असेल तर पुढे बघता येतं, पहिल्या दिवशी सगळं उघडं करायची गरज नाही.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचं पण सांगतो. सिव्हिल हॉस्पिटलमधून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं, अर्ज ऑनलाईन स्वावलंबन पोर्टलवर. मानसिक आजारासाठी आयडियाज नावाचं मोजमाप वापरतात, त्यात स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद आणि समज, काम हे चार भाग आणि आजार किती वर्षांचा आहे ते बघतात. ४० टक्के किंवा त्याच्या वर आलं की बहुतेक सवलती सुरू होतात, आयकराच्या जुन्या पद्धतीत ७५,००० ची वजावट मिळते. काही लोक म्हणतात शिक्का बसतो. मी म्हणतो दाखला काढून कपाटात ठेवा, दाखवायचा की नाही ते आपल्या हातात असतं.

रुपाली_सांगली

+१ काका. रात्रपाळीचं तर अगदीच.

मला एक विचारायचंय, मुलगी २७ वर्षांची आहे, बायपोलर, दोन वर्षं छान आहे, नोकरी करते. स्थळं येतायत. सासूबाई म्हणतात लग्न झालं की सगळं नीट होतं, कोणाला काही सांगू नका. मला झोप लागत नाही. काय करावं?

निशिगंध

रुपालीताई, सांगा. आणि मुलीला सांगू द्या, तुम्ही परस्पर नको. माझ्या लग्नाआधी निदान झालेलं नव्हतं, त्यामुळे लपवायचा प्रश्न आला नाही, पण लपवून झालेली लग्नं मी सपोर्ट ग्रुपमधे बघितली आहेत. पहिलं म्हणजे गोळ्या लपवून घ्याव्या लागतात, मग त्या चुकतात, जागरणं होतात आणि आजार उलटतो. दुसरं कायद्याचं. हिंदू विवाह कायद्यात महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करायची मागणी करता येते. आणि उलट बाजूही ऐका, नुसता आजार आहे म्हणून घटस्फोट मिळत नाही, आजार किती तीव्र आहे ते बघावं लागतं असं सुप्रीम कोर्टाने १९८८ मधेच सांगितलंय. म्हणजे खरं सांगून झालेल्या लग्नाला कायद्याचाही आधार असतो. नकार येतील, खूप येतील. पण जो हो म्हणेल तो रात्री दहाला दिवा बंद करणाऱ्या बायकोलाच हो म्हणेल.

आणि अतिशय महत्त्वाचं, ती व्हॅल्प्रोएट हे मूड सांभाळणारं औषध घेत असेल तर मूल हवं असण्याच्या खूप आधी डॉक्टरांशी बोला. गर्भाला त्याचा धोका मोठा आहे, औषध बदलायला वेळ लागतो. मनाने मात्र बंद करू नका.

लग्नाने आजार बरा होत नाही हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा, आपल्या तोंडून पटत नाही.

रुपाली_सांगली

वाचून दाखवलं मुलीला. ती म्हणाली मी तुला हेच सांगत होते. 🙏

इंद्रायणीकाठ

आता लिहिते. माझं डिप्रेशन वारंवार येणारं आहे. मला एकच विचारायचंय, येणारा झटका आधी ओळखायचा कसा? मला तर तळाशी गेल्यावरच कळतं.

निशिगंध

प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात आणि त्या आपल्यापेक्षा घरच्यांना आधी दिसतात, म्हणून बरे असताना त्यांच्याबरोबर बसून लिहायच्या. माझ्या अशा: रात्री एकनंतर लोकांना लांब लांब मेसेज, एकाच आठवड्यात तीन नवीन क्लासेसची चौकशी, बोलताना आईचं वाक्य तोडणं, आणि चार तास झोपूनही ताजंतवानं वाटणं. हे शेवटचं दोन रात्री झालं की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन, मग मला कितीही छान वाटत असो. डिप्रेशनच्या खुणा हळू येतात. माझ्या मैत्रिणीची खूण अशी की ती केस धुवायचं पुढे ढकलते आणि फोन सायलेंटवर टाकते.

कागदावर खुणांच्या शेजारी काय करायचं तेही लिहा. माझ्या कागदावर आहे की खुणा दिसल्या की डेबिट कार्ड भावाकडे, यूपीआयची रोजची मर्यादा खाली, ऑफिसात सुट्टी कोण कळवणार त्याचं नाव. हे मीच लिहिलंय त्यामुळे त्या वेळी राग आला तरी माझ्यावर कोणी जबरदस्ती करतंय असं नंतर वाटत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर आपल्याला हक्कच दिलाय, मला पुढे कसे उपचार हवेत आणि कसे नकोत ते आगाऊ लिहून ठेवायचं आणि आपल्या वतीने बोलणारा माणूस आपणच नेमायचा. त्याच कायद्यात हेही आहे की विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, पॉलिसी घेताना ते कलम विचारा.

आणि इंद्रायणीकाठ, तळाशी गेल्यावर जीव नकोसा वाटला तर कोणाची परवानगी लागत नाही फोन करायला. १४४१६, टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. इथेही मला व्यक्तिगत निरोप करा, केव्हाही.

इंद्रायणीकाठ

केस धुण्याचं वाचून थांबलेच. अगदी तेच. नवऱ्याला आज दाखवते.

सातपुडा

एक राहिलं. आमच्यानंतर याचं काय हा आईचा कायमचा प्रश्न. वडील केंद्र सरकारचे पेन्शनर आहेत. केंद्राच्या नियमांत आहे की मानसिक आजारामुळे कमवू न शकणाऱ्या मुलाला आईवडिलांनंतर हयातभर कौटुंबिक निवृत्तीवेतन मिळू शकतं. पण कागद आईवडील हयात असतानाच करून ठेवलेले बरे, नंतर भावंडांची फार धावपळ होते. कोणी पेन्शनर वाचत असतील तर ऑफिसात जाऊन नाव लावून घ्या.

ठाणेकर_काकू

सातपुडा, आमच्या यजमानांनी केलंय, होतं काम. आणि सोबत लागते हो पालकांनाही. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पुण्यात धायरीला स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, तिथे पालक भेटतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कोणी विचारलं नाही की तुमच्या मुलाला असं कशाने झालं. सगळ्यांनी विचारलं की काकू तुम्ही जेवता का वेळेवर.

नवीन_सभासद_धुळे

हा धागा वाचूनच आयडी काढला. बँकवाले काका, दाखल्याला जाताना काय न्यायचं? मित्राला नाकारला, म्हणाले तू तर चांगला दिसतोस.

बँकवाले_काका

हे होतं. म्हणून एकट्याने जाऊ नका. रोज सोबत राहणारं माणूस न्या, कारण आयडियाजमधे घरच्यांनाही विचारायचं असतं. त्यांनी मोघम "त्रास आहे" म्हणायचं नाही, अंघोळीला किती वेळा सांगावं लागतं, एकटा बसने जातो का, किती नोकऱ्या सुटल्या, असं सांगायचं. केसपेपर पहिल्यापासूनचे तारखेप्रमाणे लावून न्या, आजार किती वर्षांचा आहे ते त्यावरच ठरतं. ऍडमिट झाला असाल तर डिस्चार्ज समरी, आधार, फोटो. मित्राला सांगा परत अर्ज करता येतो. आणि फाईलची झेरॉक्स जमा करा, ओरिजिनल कोणाकडे सोडू नका.